टाक्यांचाही सव्वा महिना

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना मिळतो. माहेरी असो वा सासरी, घर दोन खोल्यांचं असो वा दहा खोल्यांचं, एवढे दिवस तिने जड उचलायचं नाही, वाकून झाडलोट करायची नाही, हा नियम जुन्या बायका कटाक्षाने पाळत आल्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, अंगाला तेल... यातल्या काही रीती आज सोडून द्याव्यात अशा असतीलही. पण त्यांच्या मुळाशी एक शहाणपण आहे. झिजलेलं शरीर भरून यायला वेळ लागतो आणि तो वेळ घरातल्या सगळ्यांनी मिळून द्यायचा असतो, हे ते शहाणपण.

आता दुसरी बाई बघा. वय चाळीस-पंचेचाळीस. पिशवी काढलेली, नाहीतर हर्नियाचं किंवा पोट उघडून पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. तिला किती दिवस मिळतात? दवाखान्यातून घरी येईपर्यंत सगळे धावपळ करतात. डबे जातात, रात्री कुणी ना कुणी सोबतीला थांबतं. घरी आल्यावर चार दिवस नणंदा-जावा भेटून जातात. आठव्या-दहाव्या दिवशी टाके निघाले की घरातला सूर बदलतो. ‘टाके निघाले ना? मग आता काय राहिलं?’ आणि बाईही पदर खोचून ओट्यापाशी उभी राहते. कुणी जबरदस्तीच करतं असं नाही. पाहुण्यांच्या चहाची भांडी बेसिनमध्ये पडलेली असतात आणि ती तिलाच दिसतात, एवढंच!

मैत्रिणींनो, टाके निघणं म्हणजे जखम भरणं नव्हे. आजची सगळी चर्चा या एका वाक्यासाठी आहे. वरची कातडी जुळली की आपल्याला जखम ‘बरी’ झालेली दिसते. आतली कहाणी वेगळी असते. पोटाच्या भिंतीला थर असतात. कातडी, तिच्याखाली चरबी, त्याखाली स्नायूंना धरून ठेवणारा चिवट पांढरा पडदा आणि सर्वांत आत पोटाचं अस्तर. यातला तो चिवट पडदा सगळ्यात सावकाश सांधतो. पहिल्या आठवड्यात जखमेची स्वतःची ताकद जेमतेम असते, सगळा भार दोऱ्यावर असतो. तीन आठवड्यांनी ती मूळच्या ताकदीच्या साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत पोचते. तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांच्या आसपास जाते आणि पहिल्यासारखी शंभर टक्के कधीच होत नाही. डॉक्टर ‘सहा आठवडे जड उचलू नका’ म्हणतात ते उगीच नाही. आणि सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, आपल्या सव्वा महिन्याच्या जवळपासच!

हा विषय थोड्या बायकांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं दिसलं, म्हणजे साधारण चौघींतली एक. त्यात पिशवीची, हर्नियाची, अपेंडिक्सची ऑपरेशनं मिळवा. आपल्या आळीत, आपल्या गटात पोटावर टाक्यांची खूण असलेली बाई नाही, असं घर शोधावं लागेल.

या बायकांशी बोलताना एक गोष्ट मला वारंवार जाणवते. दुखतं, झोप येत नाही, भूक नाही, हे सगळं त्या सांगतात. पण जखमेतून पाणी येतंय, हे सांगत नाहीत. साडीला, परकराला डाग पडतो, वास येतो, त्याची लाज वाटते. आणि सांगायचं तरी कुणाला? नवरा घाबरणार, सून लहान, डॉक्टर तालुक्याला आणि तिथे जायचं म्हणजे पुन्हा खर्च. मग फडक्याची घडी करून वर ठेवली जाते आणि दिवस ढकलले जातात. म्हणून या पाण्याबद्दलच आधी मोकळेपणाने बोलू.

जखमेतून थोडं पाणी येणं हे पहिले काही दिवस स्वाभाविक आहे. चिरलेल्या जागी शरीर मदतीला रक्त आणि रक्तातला पातळ द्रव पाठवतं. त्यात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात, जखम सांधणारे घटक असतात. आपण त्याला ‘लस’ म्हणतो. पहिले एक-दोन दिवस ही लस लालसर असते. मग गुलाबी, मग फिकट पिवळसर, आणि रोज कमी कमी होत थांबते. रंग फिका होत जाणं आणि प्रमाण घटत जाणं ही जखम योग्य वाटेवर असल्याची खूण. याउलट पाणी घट्ट झालं, हिरवट-पिवळं झालं, त्याला घाण वास आला, आधी थांबलेलं पुन्हा सुरू झालं किंवा लाल रक्त वाहू लागलं, तर वाट चुकली असं समजावं.

कधी कधी लस बाहेर येत नाही. कातडीखालच्या पोकळीत साठते, टाक्याजवळ पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी सूज दिसते. अशी सूज लहान असेल तर बहुतेक वेळा आपोआप जिरते. मोठी असली, दुखू लागली, तर डॉक्टर सुईने किंवा एखादा टाका सोडून पाणी काढतात. घरी मात्र ती दाबून पाणी काढायचा उद्योग कुणीही करू नये. जंतूंना आत जायची वाट आपणच मोकळी करून देतो.

काही ऑपरेशनांत पोटातून एक नळी बाहेर काढून तिला बाटली किंवा पिशवी लावतात. नळी दिसली की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो, ‘काहीतरी बिघडलंय वाटतं!’ तसं नसतं. आत रक्त, लस साठू नये आणि आत काही गळत असेल तर ते लवकर कळावं, यासाठी ती असते. पूर्वी नळी सर्रास ठेवत. पुढे झालेल्या अभ्यासांत दिसलं की साध्या सिझेरियनमध्ये किंवा पित्ताशयाच्या सरळ ऑपरेशनात प्रत्येकीला नळी ठेवून फायदा होत नाही, उलट नळी जास्त दिवस राहिली तर तिच्या वाटेनेच जंतू शिरू शकतात. त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या बाईला नळी आहे आणि आपल्याला नाही, म्हणून काळजी नको. तशीच ‘माझी नळी अजून का काढत नाहीत’ म्हणून घाईही नको. दिवसभरात येणारं पाणी पुरेसं घटलं, त्याचा रंग ठीक असला, की डॉक्टर नळी काढतात.

नळीसकट घरी पाठवलं तर काय करायचं? बाटली नेहमी जखमेच्या पातळीच्या खाली ठेवायची. नळीला पीळ पडू द्यायचा नाही, झोपताना ती अंगाखाली येऊ द्यायची नाही. चालताना बाटली परकराच्या नाडीला नीट अडकवायची म्हणजे हिसका बसत नाही. रोज ठरलेल्या वेळी किती पाणी जमलं आणि रंग कसा, हे वहीत लिहायचं. दुधाचा, वाण्याचा हिशेब आपण वर्षानुवर्षं ठेवतो, हा आठ दिवसांचा हिशेब काय जड आहे? डॉक्टरांना ही वही सोन्यासारखी वाटते. बाटली एकाएकी लाल रक्ताने भरू लागली, पाणी हिरवं किंवा शौचासारखं दिसलं, किंवा वाहती नळी अचानक बंद पडून पोट दुखू-फुगू लागलं, तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा. नळी निसटली तर पुन्हा आत ढकलायची नाही. स्वच्छ पट्टी ठेवून डॉक्टरांकडे जायचं.

आता प्रश्न असा, की एकीची जखम आठ दिवसांत कोरडी होते आणि दुसरीची महिनाभर वाहते, असं का? आपण नशिबाला किंवा डॉक्टरच्या ‘हातगुणा’ला बोल लावून मोकळे होतो. ऑपरेशन कसं झालं, किती वेळ चाललं, आत आधीच पू होता का, यावर अर्थातच बरंच अवलंबून असतं. पण आपल्या शरीराच्या आणि आपल्या घराच्याही काही गोष्टी त्यात असतात आणि त्यांतल्या बऱ्याच आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट साखर. रक्तात साखर जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, जखम सांधायला उशीर होतो. कित्येक बायकांना आपल्याला मधुमेह आहे हे ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीतच पहिल्यांदा कळतं. ठरवून करायचं ऑपरेशन असेल, तर आधी साखर ताब्यात आणावी. थोडे दिवस थांबावं लागलं तरी हरकत नाही. ऑपरेशननंतर गोळी किंवा इन्सुलिन ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडू नये.

दुसरी गोष्ट रक्त. वर सांगितलेल्या सर्वेक्षणातच महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. थोडं कमी असलं तर शरीर निभावून नेतं. पण हिमोग्लोबिन फारच खाली असेल, तर जखमेपर्यंत प्राणवायू पुरेसा पोचत नाही आणि अशक्तपणामुळे बाई अंथरुणातून उठतच नाही. पाळीत फार जातं म्हणूनच पिशवीचं ऑपरेशन ठरलेलं असतं, तेव्हा तर रक्त आधी भरून काढणं अधिकच महत्त्वाचं.

तिसरी गोष्ट पोटावरची चरबी. चरबीला रक्तपुरवठा कमी असतो आणि जाड थरात पोकळी राहून तिथे लस साठते. म्हणून थर जाड असेल तर डॉक्टर तो वेगळ्या टाक्यांनी जुळवतात. घरी आपण एवढं करू शकतो, की पोटाची घडी टाक्यावर येत असेल तर तिथे घाम साठू द्यायचा नाही. आंघोळीनंतर टिपून कोरडं करायचं आणि मऊ, धुतलेलं सुती कापड ठेवायचं. सुटलेल्या पोटासाठी पट्टा बांधायचा तर तो डॉक्टरांना विचारून. श्वास अडेल इतका करकचून नाही.

चौथी गोष्ट मिश्री. हो, मिश्रीच! ‘मी कुठे तंबाखू खाते, नुसती मिश्री लावते’ असं आपल्याकडच्या बायका सहज म्हणतात. मिश्री ही भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेकडे जाणारं रक्त घटतं. तंबाखू ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी बंद करावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. ऑपरेशनच्या निमित्ताने सुटलेली मिश्री कायमचीच सुटली, तर त्याहून चांगलं काय?

पाचवी गोष्ट औषधं. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉईड घेतलेलं असेल, तर ते ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगावंच. गुडघेदुखीवर बाजारात कागदात बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेत असलात तर तेही लपवू नका. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉईड मिसळलेलं असतं आणि त्याने जखम भरायला वेळ लागतो. यातलं कुठलंही औषध मनाने बंदही करू नका. काय थांबवायचं, काय चालू ठेवायचं, ते डॉक्टर ठरवतील.

सहावी गोष्ट पोटावर पडणारा ताण. खोकल्याची उबळ, शिंक, शौचाला कुंथणं यांनी आतल्या टाक्यांवर जोर येतो. खोकताना उशी किंवा घडी केलेलं पांघरूण दोन्ही हातांनी टाक्यावर दाबून धरलं तर ताण कमी होतो. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून पाणी, फळं, पालेभाजी आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्यावं. आणि उचलण्याचं म्हणाल, तर डॉक्टर सहसा चार-पाच किलोपलीकडे नको म्हणतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आपली भरलेली कळशी किती किलोची, हा हिशेब ज्याने त्याने करावा. भरलेलं गॅस सिलिंडर तर तीस किलोच्या आसपास जातं. दोन वर्षांचं नातवंड दहा-बारा किलोचं असतं. त्याला उचलून घेण्याऐवजी मांडीशेजारी बसवावं. लेकराला माया कमी पडणार नाही!

आणि सातवी गोष्ट ताट. इथे आपल्या गैरसमजांची रांग आहे. ‘भात खाल्ला की जखम पिकते’, ‘डाळीने पू होतो’, ‘आंबटाने टाके चिघळतात’, ‘दूध नको, अंडं उष्ण’. असं एकेक वजा करत शेवटी बाईच्या ताटात पातळ पेज आणि कोरडी भाकरी उरते. जखम भरायला ज्याची गरज असते, नेमकं तेच आपण काढून घेतो! नवी कातडी, नवे स्नायू प्रथिनांपासून तयार होतात. शरीरात प्रथिनं कमी पडली की अंगावर सूज येते, लस जास्त झिरपते आणि टाके धरत नाहीत. ऑपरेशननंतर वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या बाईला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम झाली. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत सात. महागडी पावडर आणायची गरज नाही, पण वरण, उसळ, दही, अंडं, चालत असेल तर मासे-चिकन, हे रोज आणि दोन्ही वेळा हवं. पेरू, आवळा, लिंबू यांतलं क जीवनसत्त्व तर जखम सांधायला लागतंच. आंबट म्हणून लिंबू वर्ज्य करणं म्हणजे गवंड्याला भिंत बांध म्हणायचं आणि सिमेंटची गोणी कुलपात ठेवायची! मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारून. आणि आतड्याचं ऑपरेशन झालं असेल तर खाणं कधी आणि कसं सुरू करायचं, ते डॉक्टर सांगतील तसंच.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात. पट्टीला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवायचे. पट्टी ओली झाली की बदलायची, ओल्या पट्टीवर दुसरी पट्टी चढवायची नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की आंघोळ जरूर करावी, टाका चोळू नये, टिपावा. हळद, राख, खोबरेल, तंबाखू, टूथपेस्ट यांतलं काहीही जखमेवर लावायचं नाही. हळद भाजीत राहू द्या, तिथे तिचा मान मोठा आहे.

आता एक गोष्ट सांगते ती घाबरवायला नाही, तर जीव वाचवायला. क्वचित असं होतं, की बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान, कोरड्या वाटणाऱ्या जखमेतून एकाएकी गुलाबीसर पाण्याचा लोट येतो. पट्टी, कपडे भिजतात. कधी बाईला आत काहीतरी ‘सुटल्यासारखं’ वाटतं. हा आतला थर उसवल्याचा इशारा असू शकतो. अशा वेळी बाईला पाठीवर झोपवून गुडघे थोडे दुमडून ठेवावेत. जखमेवर शक्य तर सलाईनच्या पाण्यात भिजवलेली निर्जंतुक पट्टी, नाहीतर स्वच्छ ओलं कापड ठेवावं. आतलं काही बाहेर डोकावत असेल तर ते आत ढकलू नये. तोंडाने पाणीसुद्धा देऊ नये आणि १०८ नंबरला फोन करावा. ‘सकाळी बघू’ म्हणायची ही वेळ नव्हे. याशिवाय १००.४ अंशांपुढे ताप, टाक्याभोवती पसरणारी लाली, वाढत जाणारं दुखणं, सतत उलट्या, पोट फुगणं, पोटरीत एका बाजूला दुखरी सूज यांतलं काहीही झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर मात्र तेवढंही थांबायचं नाही, लगेच १०८. जखमेतला जंतुसंसर्ग बऱ्याचदा पाच-दहा दिवसांनी, म्हणजे बाई घरी आल्यावरच दिसू लागतो. म्हणून तर घरच्या डोळ्यांवर एवढी भिस्त.

पोटाच्या ऑपरेशनांच्या इतिहासातलं एक पहिलं पानही एका बाईचंच आहे. डिसेंबर १८०९ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात डॅनव्हिल या गावी डॉ. एफ्राइम मॅक्डॉवेल यांनी जेन क्रॉफर्ड या गृहिणीच्या पोटातून सुमारे दहा किलोची बीजकोशाची गाठ काढली. तेव्हा भूल नव्हती, जंतूंची माहिती नव्हती. ही बाई गाठ सांभाळत साठ मैल घोड्यावरून आली होती. पोट शिवण्याआधी डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं, आत साठलेलं रक्त वाहून जावं म्हणून. साठू द्यायचं नाही, हे तेव्हाही उमगलेलं होतं! पाचव्या दिवशी डॉक्टर बघायला गेले, तर बाईसाहेब स्वतःचं अंथरूण आवरत होत्या. डॉक्टरांनी तिला सक्त ताकीद दिली. पंचविसाव्या दिवशी ती घरी परतली आणि पुढे तीस वर्षांहून अधिक जगली. ती धीराची होती, तसं दैवही तिच्या बाजूने होतं. पण अंथरूण आवरणारे ते हात वाचले की वाटतं, बाई केंटकीची असो नाहीतर केजची, सवय तीच!

इथे कुणी म्हणेल, ‘आजकाल डॉक्टरच तर दुसऱ्या दिवशी चालायला लावतात, मग काम केलं तर काय बिघडलं?’ हा घोळ घरोघर होतो, म्हणून नीट समजून घेऊ. लवकर उठणं, चालणं हे हवंच. त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत, फुफ्फुसं मोकळी राहतात, आतडी कामाला लागतात. पण चालणं वेगळं आणि राबणं वेगळं. अंगणात चार फेऱ्या मारणं हा उपचार आहे. बादली उचलणं, वाकून फरशी पुसणं, उखडू बसून धुणं धुणं हा उपचार नाही. ‘चालते-फिरते आहे’ म्हणजे ‘कामाला मोकळी आहे’ असा अर्थ घरच्यांनी काढू नये आणि बाईनेही तो काढू देऊ नये.

ज्या बायकांना हा फरक करायची मुभाच नसते, त्यांचं काय? २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली असल्याचं समोर आलं. इतक्या पिशव्या काढायची गरज होती का, यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण आणखी एक प्रश्न विचारायला हवा. ऑपरेशननंतर यांतल्या किती जणींना बेचाळीस दिवस मिळाले? फडावर एक दिवस चुकला की खाडा पडतो, पैसे कापले जातात. उचल घेतलेली असते. पोटावरचे टाके ओले असताना डोक्यावर मोळी घेणाऱ्या बाईला आपण ‘विश्रांती घे गं’ म्हणणं सोपं आहे. ती विश्रांती तिला परवडावी, याची व्यवस्था करणं हे मुकादमाचं, कारखान्याचं आणि सरकारचंही काम आहे.

व्यवस्थेचंच बोलायचं, तर बाळंतिणीच्या आणि बाळाच्या विचारपुशीला आशाताई येते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. किती चांगली रीत! पण पिशवी काढून आलेल्या बाईसाठी असं वेळापत्रक नाही. तिचं दार कुणी वाजवत नाही. अशा बाईकडेही आशाताईची निदान दोन भेटी द्यायची सोय व्हावी, एक पहिल्या आठवड्यात आणि दुसरी दुसऱ्या आठवड्यात, आणि त्याचा मोबदला आशाताईला मिळावा, ही मागणी आपण महिला ग्रामसभेत मांडायला काय हरकत आहे?

दुसरी मागणी दवाखान्यांकडे. घरी सोडताना हातात जो कागद मिळतो, तो इंग्रजीत असतो आणि घाईघाईत लिहिलेला असतो. त्याबरोबर मराठीत, मोठ्या अक्षरांत एक पान द्या. जखमेचं पाणी कसं असलं तर ठीक, कसं असलं तर धोका, पट्टी कधी बदलायची, आंघोळ कधी, किती दिवस किती वजन उचलायचं नाही, आणि रात्री-अपरात्री फोन कुठे करायचा. हे पान वाचून दाखवताना नवऱ्याला आणि सासूबाईंनाही समोर बसवा. खर्चाच्या धास्तीने घरी बसणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, की आयुष्मान भारत योजनेखाली ऑपरेशन झालं असेल तर घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतचा पुढचा खर्च त्यात धरलेला असतो. तेव्हा जखम वाहू लागली तर त्याच रुग्णालयात जाऊन विचारा. ते आपलं हक्काचं आहे, उपकार नव्हेत.

आणि तिसरी मागणी आपल्या सगळ्यांकडेच. बचत गटात आपण कर्ज देतो, हप्ते फेडतो. त्याबरोबर एवढं ठरवू या, की गटातल्या कुणाचं पोटाचं ऑपरेशन झालं, तर पाण्याची पाळी वाटून घ्यायची, आठवड्यातून दोनदा कुणीतरी जायचं आणि नुसतं ‘बरं आहे ना?’ न विचारता ‘टाक्यातून पाणी येतं का, कसलं येतं, दाखव बघू’ असं विचारायचं. एका बाईने दुसरीला विचारलं की लाज निम्मी होते. जावांनी-सुनांनी ओटा सांभाळावा, पोरांनी पाणी भरावं, आणि नवऱ्याने महिनाभर कुकर लावला तर घराण्याचं नाव खाली जात नाही.

दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या पावलांनी, असं आपल्या आज्या म्हणत. मुंगीला तिच्या चालीने चालू द्यायला हवं. बाळंतिणीचा सव्वा महिना कुठल्या कायद्याने आला नाही, तो बायकांनीच बायकांना दिला. टाक्यांचाही सव्वा महिना तसाच, आपणच एकमेकींना द्यायचा आहे. तुमच्या घरात, शेजारात आज कुणी ऑपरेशन होऊन आली असेल, तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी तिच्याकडे जाऊन या. हातात वाटीभर वरण असू द्या. आणि तिची कळशी रिकामी दिसली, तर ती तेवढी भरून ठेवा.